‘द क्रेन्स आर फ्लाइंग’ : मागे राहिलेल्यांचा युद्धपट

मिखाईल कलातोझोव्हचा हा १९५७ चा सोव्हिएत सिनेमा रणांगणावर फार वेळ रमत नाही. तो मॉस्कोत मागे राहिलेल्या वेरोनिकाचा आहे. प्रियकर बोरिस आघाडीवर, आईवडील बॉम्बहल्ल्यात गेलेले. खचलेली ती बोरिसच्याच चुलतभावाशी लग्न करते. अशी नायिका दाखवणं तेव्हा धाडसच!

आणि छायालेखक उरुसेव्हस्कीचा कॅमेरा! निरोपाच्या प्रसंगात तो वेरोनिकासोबत बसमधून उतरतो, गर्दीत घुसतो, मग उंच जाऊन रणगाड्यांमधून धावणारी ती दाखवतो. सगळं एका शॉटमध्ये, १९५७ साली! बोरिस कोसळतो तेव्हा डोक्यावरची बर्चची झाडं गरगरतात, तेही बघाच.

१९५८ साली कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. डब केलेली प्रत मात्र टाळा. वेरोनिका साकारणाऱ्या तात्याना समोइलोवाचा मूळ आवाजच ऐका.