विश्लेषण : जंगलात एकच झाड उरले, तर वंश कसा वाढवायचा?

नेपोलियनच्या अखेरच्या कैदेमुळे सेंट हेलेना हे दक्षिण अटलांटिकमधील बेट आपल्याला ठाऊक असते. याच बेटावर २००९ मध्ये एका कड्यावर 'बास्टर्ड गमवुड'चे झाड आढळले. जंगलात उरलेले ते एकमेव होते.

हे झाड कोणते?

शास्त्रीय नाव कॉमिडेन्ड्रम रोटुंडिफोलियम. कूळ झेंडू, शेवंती, सूर्यफुलाचे. पण या बेटावर त्याच कुळातील काही जातींनी लाकडी खोड धरले आणि त्यांची झुडपे, झाडे झाली. १५०२ मध्ये पोर्तुगीज आले, मागोमाग शेळ्या आल्या. चराई आणि जळणासाठी तोड यांत गमवुडची राने गेली. ही जात तर नामशेषच मानली गेली होती. १९८२ मध्ये एक झाड सापडले, तेही १९८६ मध्ये वादळात कोसळले.

फांदी लावून का भागत नाही?

फांदीपासून किंवा कलमातून मिळणारे झाड मूळ झाडाची नक्कल असते. खरी अडचण इथेच आहे. या झाडाला स्वतःचे परागकण चालत नाहीत. स्त्रीकेसराचे टोक ते ओळखते आणि बीजधारणा होऊ देत नाही. मोबाइलचे लॉक उलटे चालावे तसे : पासवर्ड जुळला की प्रवेश बंद! त्यामुळे दहा कलमे शेजारी लावली, तरी ती एकमेकांना उपयोगाची नाहीत. बी दिसते, पण बहुतेक पोकळ.

मग मार्ग काय?

ही पहारेदारी क्वचित चुकते. ढीगभर बियांत एखादी भरीव निघते आणि सगळी मदार तिच्यावर. पण शेजारच्या गमवुडचे पराग किड्यांनी आणले, तर संकरित रोप येणार. म्हणून कार्यकर्त्यांनी झाडाला जाळीने वेढले आणि परागीभवन हाताने केले. काम कंटाळवाणे, पण दुसरा उपाय नव्हता. मिळालेले बी रोपवाटिकेत पेरायचे आणि वाट पाहायची.

एवढा खटाटोप का? आईकडे 'लॉक'ची दोन जनुके असतील, तर स्वपरागातून आलेल्या रोपांत ती वेगवेगळ्या जोड्यांनी उतरतात. काहींकडे एकाच प्रकारची, काहींकडे दुसऱ्या प्रकारची. अशी दोन रोपे शेजारी फुलली, तर त्यांचे पराग एकमेकांना चालू शकतात. त्यात जवळच्या नात्यातील संततीचा दुबळेपणा येण्याची भीती आहेच. तरी कलमातून न मिळणारी ही जोडी बियांच्या रोपांतूनच जमू शकते.