घर आणि लेकरांची सुरक्षितता

पुणे जिल्ह्यातील राजुरी, आळेफाटा आणि एकंदर जुन्नर-आंबेगावच्या मुलखात घराची हद्द उंबऱ्यापाशी संपत नाही. चुलीवरचे उकळते पाणी, फवारणीचे औषध ओतून ठेवलेली सरबताची बाटली, गोठ्यालगतचा हौद आणि ज्याच्या प्लास्टिकच्या कागदावर शेवाळ धरल्याने मोठ्या माणसाचाही पाय ठरत नाही असे शेततळे, हा अवघा परिसर बालकाचे घरच असतो.

फेब्रुवारी २०१९ मध्ये आंबेगाव तालुक्यातील थोरांदळे येथे उघड्या बोअरवेलमध्ये पडलेला सहा वर्षांचा मुलगा सुमारे १६ तासांनी सुखरूप बाहेर आला. अशी विवरे बंदिस्त करावीत, हा सर्वोच्च न्यायालयाचा हुकूम मात्र २०१० सालचाच होता!

नुसता हुकूम पुरत नाही, तर मग काय उपयोगी पडते? गृहसुरक्षा कार्यक्रमांच्या अनेक देशांतील प्रयोगांचा ‘कॉक्रन’ या संस्थेने जो आढावा घेतला, त्यावरून असे दिसते की, घरी जाऊन समजावल्याने औषधे उंचावर ठेवणे, जिन्याला फाटक बसविणे इत्यादी सवयी निश्चित वाढतात. प्रत्यक्ष इजा घटल्याचा पुरावा तितका भक्कम नसला, तरी उपदेशासोबत साधनेही दिली असता परिणाम अधिक संभवतो. माझ्या मते हीच मेख आहे. १९७५ पासून चालत आलेल्या बालविकास योजनेतील अंगणवाडीसेविका घरोघर जातेच. तिच्या हाती उपदेशाबरोबर फवारणीच्या औषधांच्या पेटीसाठी एक कुलूपही द्यावे.

आणि वाचकहो, आपल्या शेततळ्याला कुंपण घाला. तळ्यात गाठी मारलेला दोर आजच सोडून ठेवा.