शाळकरी धावपटू आणि वंशाचा प्रश्न

१९३६ सालच्या ऑगस्ट महिन्यात बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा वऱ्हाडातील काही तरुणही त्या नगरीत गेले होते. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने त्यांना तेथे नेले होते, आणि हुतुतूसारखे आपले देशी खेळ व व्यायामप्रकार त्यांनी परकीयांपुढे करून दाखविले. त्याच सामन्यांत जेसी ओवेन्स या कृष्णवर्णीय अमेरिकन तरुणाने शंभर मीटरचे अंतर १०.३ सेकंदांत तोडले आणि एकंदर चार सुवर्णपदके मिळविली. यजमान सरकारचे सारे राजकारण गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठत्वावर उभारलेले असल्यामुळे या निकालाने त्याची पंचाईत झाली, ही गोष्ट बहुश्रुत आहे. परंतु त्यानंतर जे झाले ते तितकेसे कोणी सांगत नाही. पराभव नाकारता येईना, तेव्हा पुष्कळांनी कारण बदलले. कृष्णवर्णीयांची टाच लांब, पोटरीचा स्नायू निराळा, म्हणून ते वेगाने धावतात. यात त्यांची कर्तबगारी ती कोणती, असे म्हटले जाऊ लागले.

हा तर्क तपासून पाहण्याचे काम मॉन्टेग्यू कॉब या शरीरशास्त्रज्ञाने त्याच वर्षी केले. कॉब स्वतः कृष्णवर्णीय होते आणि वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकवीत असत. त्यांनी ओवेन्सच्या पायांची मापे घेतली, क्ष-किरण चित्रे काढली. निष्पन्न झाले ते असे की, ज्याला ‘निग्रो पोटरी’ म्हणत, ती ओवेन्सला नव्हतीच. त्याची पोटरी पुस्तकांतल्या वर्णनाप्रमाणे गोऱ्या माणसाची ठरत होती! कृष्णवर्णीय विजेत्यांमध्ये सर्वांना समान असे एकही शारीरिक लक्षण आढळत नाही, तेव्हा त्यांच्या यशाचे मूळ शिक्षणात आणि ईर्षेत शोधावे, असे कॉब यांनी लिहिले.

हा वाद दूरदेशीचा आहे, नागपूरकरांना त्याचे काय, असे कोणी म्हणेल. पण पावसाळा सरल्यावर नागपुरात शाळांच्या विभागीय स्पर्धा भरतात, तेव्हा मैदानाच्या कडेला उभे राहून कानोसा घ्यावा. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतून मुले आलेली असतात. “आदिवासी पोरे काटक, त्यांना लांब पल्ल्याला घाला, शंभर मीटर हे त्यांचे काम नव्हे,” असे शब्द सहज कानी पडतात. बोलणाऱ्याच्या मनात द्वेष नसतो, उलट कौतुकच असते. नाशिक जिल्ह्यातील आदिवासी कन्या कविता राऊत हिने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल सामन्यांत दहा हजार मीटरचे कांस्यपदक मिळविले, हा दाखलाही दिला जातो. मात्र या कौतुकाने एखाद्या तेरा वर्षांच्या मुलाची शर्यत त्याने पाऊल टाकण्यापूर्वीच ठरवून टाकलेली असते.

शरीरावरून माणसांची प्रतवारी लावण्याची ही सवय नागपूरला नवी नाही. गोंड राजा बख्त बुलंद याने वसविलेले हे शहर पुढे मध्यप्रांताची राजधानी झाले, आणि त्याच प्रांताच्या जातीजमातींचा रसेल व रायबहादुर हिरालाल यांचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. माहितीचा तो मोठाच साठा आहे. पण अमुक जात शूर, तमुक जमात आळशी, अशी ठोक विधाने त्या काळच्या ग्रंथांत जागोजाग होत असत आणि नाकाची रुंदी मोजून वंश ठरविण्याला शास्त्र समजत असत. या शास्त्राला एका मराठी विदुषीने त्याच्या घरातच धक्का दिला. इरावती कर्वे १९२७ च्या सुमारास बर्लिनला शिकावयास गेल्या. त्यांचे गुरू ऑयगेन फिशर यांचा असा समज की, कवटीच्या दोन बाजूंतील असमानता युरोपीयांत अधिक, आणि त्यांच्या तर्कबुद्धीचे कारण तेच. कर्वे यांनी कवट्या मोजल्या व वंशावंशांत तसा भेद दिसत नाही असे स्पष्ट लिहिले. गुरुजींना ते रुचले नाही.

तरीही स्वतंत्र भारतात हाच विचार एकदा सरकारी योजनेच्या रूपाने पुढे आला. उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर, हल्याळ या भागांत आणि गुजरातेत गीरच्या परिसरात सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. उत्तर कन्नडातील सिद्दी कोंकणी बोलतात आणि मराठी मुलुखाच्या सीमेवरच राहतात. आफ्रिकन लोक वेगाने धावतात, सिद्दी मूळचे आफ्रिकन, तेव्हा ऑलिंपिक पदके येथूनच निघतील, असा हिशेब करून भारतीय क्रीडा प्राधिकरणाने १९८७ साली त्यांच्या मुलांना निवडून क्रीडा वसतिगृहांत आणले. कमला सिद्दी यांच्यासारखे काही खेळाडू त्यांतून नावारूपास आले, हे खरेच. पण ऑलिंपिक पदके काही आली नाहीत आणि १९९३ च्या सुमारास योजना गुंडाळली गेली. घरादारापासून तोडून आणलेली मुले अर्धवट शिक्षणानिशी गावी परतली. २०११ साली हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी सिद्दींच्या आनुवंशिक द्रव्याचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांत आफ्रिकन अंशाबरोबर भारतीय व युरोपीय अंशही मिसळलेला आढळला. वंश ही बंद पेटी नव्हे. तिची झाकणे पिढ्यान्‌पिढ्या उघडीच असतात.

मग शरीराचा काहीच संबंध नाही काय? आहे, आणि तो नाकारणे वेडेपणाचे होईल. शंभर मीटर धावताना स्नायूंतील जलद आकुंचन पावणारे तंतू कामी येतात, आणि ते कोणाला किती मिळावे यात आनुवंशाचा वाटा असतो. २००३ साली ऑस्ट्रेलियात असे दिसून आले की, या तंतूंतील एक विशिष्ट प्रथिन ज्यांच्या शरीरात तयारच होत नाही असे लोक अव्वल दर्जाच्या वेगवान धावपटूंत जवळजवळ नसतात. पण पुढची गोष्ट अधिक बोधक आहे. जमैकात हे प्रथिन जसे विजेत्यांत असते तसेच रस्त्याने जाणाऱ्या सामान्य माणसांतही असते; दोघांत फरक सापडला नाही. केनियातही ते बहुतेकांत असते आणि तेथील लोक तर लांब पल्ल्यासाठी ओळखले जातात. म्हणजे हा गुण दरवाजा उघडतो एवढेच. आत कोण जाईल ते निराळ्याच गोष्टींवर ठरते.

शाळकरी वयात तर वंशापेक्षा फार मोठा फरक पाडणारी एक गोष्ट असते, ती म्हणजे वयात येण्याची वेळ. मुलींची उंची सामान्यतः बाराव्या वर्षाच्या आसपास झपाट्याने वाढते, मुलांची चौदाव्याच्या. पण हे सरासरीचे बोलणे झाले. एकाच वर्गातील तेरा वर्षांच्या दोन मुलांत शरीराच्या दृष्टीने तीन-चार वर्षांचे अंतर असू शकते. एकाला मिसरूड फुटू लागलेले, दुसरा अजून बाळसेदार. दोघांना एका रेषेवर उभे करून शिट्टी वाजविली, की पहिला जिंकणार, हे सांगावयास ज्योतिषी नको. आपल्या शालेय स्पर्धा १४, १७ व १९ वर्षांखालील अशा गटांत होतात आणि वयाची गणना १ जानेवारीपासून करतात. त्यामुळे जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरात जन्मलेल्याहून जवळजवळ वर्षाने मोठा असूनही त्याच गटात धावतो. त्यातच आपल्याकडे जन्मनोंद नसलेल्या कितीतरी मुलांचा वाढदिवस गुरुजींनी शाळाप्रवेशाच्या सोयीसाठी १ जून असा लिहून टाकलेला असे! दहावी-बारावीला मिळणारे क्रीडागुण आणि खेळाडूंसाठी असलेल्या राखीव जागा यांमुळे वय लपविण्याचा मोह आणखी वाढला, म्हणून डाव्या मनगटाचे क्ष-किरण चित्र घेऊन हाडांचे वय पाहण्याची पाळी आली.

आता हे सारे गडचिरोलीच्या आश्रमशाळेतील मुलाला लावून पाहावे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात अनुसूचित जमातींचे प्रमाण नऊ टक्क्यांच्या वर थोडेसे होते, गडचिरोलीत ते अडतीस टक्क्यांहून अधिक होते. लहानपणी पोटभर अन्न न मिळालेले मूल उशिरा वयात येते. चौदा वर्षांखालील निवडीत ते साहजिकच मागे पडते, त्याचे नाव यादीतून जाते, आणि सतराव्या वर्षी त्याचे शरीर भरून येते तेव्हा त्याच्याकडे पाहावयास कोणी उरलेले नसते. वंशाची उणीव म्हणून जी दाखविली जाते, ती पुष्कळदा नुसती काळाची आणि भाकरीची उणीव असते. भामरागडहून नागपूर तीनशे किलोमीटरांहून दूर आहे, हेही विसरता येत नाही. मुलींची कथा आणखी वेगळी: ज्या वयात वेग येतो त्याच वयात धावण्याच्या पोशाखाला घरून हरकत निघते आणि सरावाच्या जागी आडोसासुद्धा नसतो.

साधने मिळाली म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण याच प्रदेशातले आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांची दहा मुले-मुली निवडून त्यांना गिर्यारोहणाचे शिक्षण दिले गेले आणि मे २०१८ मध्ये त्यांतील पाच जण एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. त्यापूर्वी या मुलांच्या रक्तात हिमालय आहे असे कोणीही म्हटले नव्हते.

जमैकाची गोष्टही अखेर तीच आहे. त्या बेटाची वस्ती अठ्ठावीस लाखांच्या घरात, म्हणजे २०११ साली सेहेचाळीस लाखांवर गेलेल्या एकट्या नागपूर जिल्ह्यापेक्षा कितीतरी कमी. पण तेथे १९१० पासून शाळाशाळांच्या धावण्याच्या स्पर्धा होत आल्या आहेत. किंग्स्टनचे मैदान त्यासाठी हजारोंनी भरते, लोक आपल्या जुन्या शाळेचे रंग लेवून येतात. १९८० साली तेथे व्यायामशिक्षक तयार करणारे स्वतंत्र महाविद्यालय निघाले आणि त्याचे विद्यार्थी खेड्यापाड्यांतील शाळांत गेले. चौदाव्या वर्षी हरलेल्या मुलाला पंधराव्या वर्षी, सोळाव्या वर्षी पुन्हा धावावयास मिळते.

ओवेन्स क्लीव्हलँडच्या शाळेत होता तेव्हा शाळा सुटल्यावर त्याला पोटासाठी काम करावे लागे, आणि सरावाची वेळ तर तीच. चार्ल्स रायली नावाच्या गोऱ्या व्यायामशिक्षकाने यावर साधा तोड काढला: तो सकाळी शाळा भरण्यापूर्वी मैदानावर येऊ लागला. १९३३ साली, अजून शाळेतच असताना, त्या मुलाने शंभर यार्ड ९.४ सेकंदांत धावून तत्कालीन जागतिक विक्रमाची बरोबरी केली. नागपूर विभागातील एखाद्या व्यायामशिक्षकाला तर याहूनही थोडे करावे लागेल. वर्गाच्या भिंतीवर दर तीन महिन्यांनी प्रत्येक मुलाच्या उंचीची रेघ ओढावी, ज्याची रेघ अजून झपाट्याने वर सरकलेली नाही त्याचे नाव वहीत राहू द्यावे, आणि पुढल्या वर्षी त्याला पुन्हा शंभर मीटरच्या रेषेवर उभे करावे.