घटक ७ : हिमनदी, समुद्रपातळी आणि संभाव्यतेची भाषा

७.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
• हिमनदी वितळणे आणि समुद्राची पातळी वाढणे यांतील संबंध स्पष्ट करता येईल.
• भाकीत, अंदाज आणि प्रक्षेपण या संज्ञांतील अर्थभेद सांगता येईल.
• संभाव्यता दर्शविणाऱ्या मराठी क्रियारूपांचा नेमका वापर करता येईल.
• दीर्घकालीन संशोधन आणि त्यासाठी मिळणारा निधी यांतील ताण विशद करता येईल.

७.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, ‘मुंबई बुडणार’ आणि ‘मुंबईचा काही भाग पाण्याखाली जाऊ शकतो’ ही दोन विधाने आपण वृत्तपत्रांत अनेकदा वाचली असतील. पहिल्या विधानातील क्रियापद निश्चित भविष्य सांगते. दुसऱ्यातील ‘शकतो’ हे सहायक क्रियापद केवळ शक्यता सांगते. व्याकरणाच्या दृष्टीने हा भेद लहान वाटतो. परंतु बंदर, रस्ता किंवा खारभूमीचा बांध किती उंच बांधावा हे ठरविणाऱ्या माणसाला तो फार मोठा असतो. विज्ञानविषयक लेखन करणाऱ्याने हा भेद जपला नाही, तर वाचकाच्या मनात एकतर अकारण भीती निर्माण होते किंवा अकारण निर्धास्तपणा. यांपैकी दुसरा परिणाम पहिल्याइतकाच घातक असतो, हे आपण पुढे पाहणार आहोत.

या घटकासाठी आपण पश्चिम अंटार्क्टिकातील थ्वेट्स या हिमनदीचे उदाहरण घेतले आहे. तिचे आकारमान, तिच्याविषयीची अनिश्चितता आणि तिच्या अभ्यासासाठी लागणारा खर्च या तिन्ही गोष्टी असामान्य आहेत.

७.२ विषय विवेचन

७.२.१ थ्वेट्स हिमनदीचे स्वरूप

‘हिमनदी’ हा सामासिक शब्द अर्थपूर्ण आहे. बर्फ घन असला तरी स्वतःच्या भाराखाली तो अतिशय मंद गतीने उताराकडे वाहतो. वरच्या भागात हिमवर्षावाने भर पडते, खालच्या टोकाला बर्फ वितळतो किंवा तुटून समुद्रात जातो. या जमा-खर्चाला हिमनदीचा वस्तुमान-ताळेबंद म्हणतात. खर्च जमेपेक्षा वाढला की हिमनदी आटू लागते.

थ्वेट्स हिमनदीचे क्षेत्रफळ सुमारे १ लाख ९२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ कर्नाटक राज्याएवढे आहे. समुद्राकडील तिची रुंदी सुमारे १२० किलोमीटर आहे. सध्या जगाच्या समुद्रपातळीत होणाऱ्या वाढीपैकी सुमारे ४ टक्के वाटा या एकट्या हिमनदीचा आहे. ती पूर्णपणे नाहीशी झाली, तर जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे ६५ सेंटिमीटरने वाढेल. या वाक्यातील ‘तर’ महत्त्वाचा आहे; त्याकडे आपण पुन्हा येऊ.

येथे एक सामान्य गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पाण्याच्या पेल्यात तरंगणारा बर्फ वितळला, तरी पेल्यातील पातळी वाढत नाही. कारण तरंगणाऱ्या बर्फाने आपल्या वजनाइतके पाणी आधीच बाजूला सारलेले असते. त्याचप्रमाणे समुद्रावर तरंगणारा हिमफलक वितळल्याने समुद्रपातळीत प्रत्यक्ष वाढ जवळजवळ होत नाही. वाढ होते ती खडकावर टेकलेला बर्फ समुद्रात उतरल्यामुळे. मग तरंगत्या हिमफलकाची चिंता का करावयाची? कारण तो मागील बर्फाला दाराच्या अडसराप्रमाणे थोपवून धरतो. अडसर निघाला की मागील बर्फाचा वेग वाढतो.

हिमनदी खडक सोडून जेथे तरंगू लागते, त्या रेषेला आपण भूस्पर्शरेषा म्हणू. थ्वेट्सच्या बाबतीत खरा धोका या रेषेपाशी आहे. हिमनदीखालचा खडक समुद्रसपाटीच्या खाली असून तो खंडाच्या आतल्या बाजूला अधिकाधिक खोल होत जातो. भूस्पर्शरेषा मागे सरकली की ती अधिक खोल भागात येते. तेथे बर्फाची जाडी अधिक असते. जाडी अधिक म्हणून समुद्राकडे वाहणाऱ्या बर्फाचे प्रमाण वाढते. त्यामुळे रेषा आणखी मागे सरकते. म्हणजे एकदा सुरू झालेली माघार स्वतःच स्वतःला गती देऊ शकते. ही यंत्रणा योहानेस वेर्टमन यांनी १९७४ मध्ये सिद्धान्तरूपाने मांडली होती.

७.२.२ मोजणी कशी होते?

दुर्गम प्रदेशाची मोजणी प्रामुख्याने उपग्रहांवर अवलंबून असते. २००२ मध्ये सोडलेल्या ‘ग्रेस’ या जोडउपग्रहांनी गुरुत्वाकर्षणातील सूक्ष्म बदलांवरून बर्फाच्या वस्तुमानातील घट मोजली. २००३ मध्ये सोडलेल्या ‘आइससॅट’ उपग्रहाने लेसर किरणांच्या साहाय्याने बर्फाच्या पृष्ठभागाची उंची मोजली. अशा निरीक्षणांवरून असे आढळले की, थ्वेट्स आणि तिच्या लगतच्या हिमनद्यांतून समुद्रात जाणारा बर्फ १९९० च्या दशकाच्या तुलनेत २०१० च्या दशकात दुपटीहून अधिक झाला.

तथापि बर्फाच्या तळाशी काय चालले आहे, हे आकाशातून पुरेसे दिसत नाही. त्यासाठी तेथे जावे लागते आणि सर्वांत जवळचे कायम संशोधन केंद्रही सुमारे १६०० किलोमीटर दूर आहे. २०१८ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांनी सुमारे ५ कोटी डॉलर खर्चाचा संयुक्त प्रकल्प हाती घेतला. त्यातील एका चमूने गरम पाण्याच्या झोताने सुमारे ६०० मीटर जाडीच्या बर्फाला भोक पाडले आणि जानेवारी २०२० मध्ये ‘आइसफिन’ नावाचा सडपातळ यंत्रमानव त्यातून खाली सोडला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे निष्कर्ष लक्षणीय होते. हिमफलकाच्या सपाट तळाशी वितळण्याचा वेग अपेक्षेपेक्षा कमी आढळला. मात्र भेगांमध्ये आणि पायऱ्यांसारख्या रचनांच्या उभ्या भिंतींवर तो पुष्कळ अधिक होता.

या निष्कर्षाचे शीर्षक कसे द्यावे, याचा विचार करून पाहा. ‘हिमनदी अपेक्षेपेक्षा सावकाश वितळते’ हे खरे आहे. ‘हिमनदी भेगांमधून वेगाने पोखरली जात आहे’ हेही खरे आहे. यांपैकी एकच वाक्य छापले, तर अर्धसत्य वाचकापर्यंत पोहोचते.

७.२.३ भाकीत, अंदाज आणि प्रक्षेपण

मराठीत भविष्यविषयक विधानांसाठी हे तीन शब्द पुष्कळदा एकमेकांऐवजी वापरले जातात. विज्ञानलेखनात त्यांत भेद करणे इष्ट आहे. ‘भाकीत’ म्हणजे अमुक घडेल असे सांगणे. ‘अंदाज’ म्हणजे उपलब्ध माहितीवरून काढलेले अदमासे मूल्य. ‘प्रक्षेपण’ मात्र सशर्त असते : अमुक गोष्ट केली, तर अमुक घडेल. समुद्रपातळीविषयीचे आकडे हे बहुतांशी प्रक्षेपणे असतात.

हवामानबदलावरील आंतरशासकीय मंडळाच्या २०२१ मधील सहाव्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली. वाढीचा वार्षिक दर १९०१ ते १९७१ या काळात सुमारे १.३ मिलिमीटर होता. २००६ ते २०१८ या काळात तो सुमारे ३.७ मिलिमीटर झाला. हे झाले निरीक्षण. पुढील विधाने प्रक्षेपणाची आहेत. १९९५ ते २०१४ च्या सरासरीच्या तुलनेत २१०० पर्यंत होणारी वाढ, उत्सर्जन अत्यल्प राहिल्यास २८ ते ५५ सेंटिमीटर आणि अत्युच्च राहिल्यास ६३ सेंटिमीटर ते १.०१ मीटर असण्याची शक्यता आहे.

येथील ‘शक्यता’ हा शब्द सैल नाही. अहवालात अशा प्रत्येक शब्दाला संख्यात्मक अर्थ ठरवून दिलेला आहे. ‘शक्यता’ म्हणजे किमान ६६ टक्के, ‘दाट शक्यता’ म्हणजे किमान ९० टक्के आणि ‘जवळजवळ निश्चित’ म्हणजे किमान ९९ टक्के संभाव्यता. याशिवाय अहवालात आणखी एक विधान आहे : हिमस्तरांच्या वर्तनाविषयी मोठी अनिश्चितता असल्याने, उत्सर्जन अत्युच्च राहिल्यास २१०० पर्यंत सुमारे २ मीटरची वाढ नाकारता येत नाही. ‘शक्यता आहे’ आणि ‘नाकारता येत नाही’ या दोन विधानांत किती अंतर आहे, हे भाषेच्या अभ्यासकाने तरी विसरू नये.

सरासरी हीदेखील एक अमूर्त कल्पना आहे, हे येथेच नोंदवू. हिमस्तर आपल्या गुरुत्वाकर्षणाने भोवतीचे पाणी स्वतःकडे ओढून धरतो. तो घटला की हे आकर्षण कमी होते आणि पाणी दूर सरते. त्यामुळे पश्चिम अंटार्क्टिकातील बर्फ कमी झाल्यास त्या खंडालगतची पातळी खालावते आणि उत्तर गोलार्धातील दूरच्या किनाऱ्यांवर वाढ सरासरीपेक्षा काहीशी अधिक होते. कोकणच्या किनाऱ्याचा थ्वेट्सशी असलेला संबंध असा आहे.

७.२.४ सावध विधान आणि त्याची किंमत

२००७ मधील चौथ्या अहवालात एकविसाव्या शतकाच्या अखेरीस १८ ते ५९ सेंटिमीटर वाढीचे प्रक्षेपण होते. त्या कोष्टकाच्या शीर्षकातच एक अट नोंदलेली होती : हिमप्रवाहात भविष्यात होऊ शकणारे वेगवान बदल या आकड्यांत धरलेले नाहीत. कारण त्यांचे विश्वासार्ह गणित तेव्हा उपलब्ध नव्हते. अहवाल प्रामाणिक होता. पण आकडा प्रवास करतो आणि अट मागे राहते. अनेक वाचकांनी ५९ सेंटिमीटर ही कमाल मर्यादाच मानली. प्रास्ताविकात उल्लेखिलेला अकारण निर्धास्तपणा तो हाच.

याउलट टोकही आहे. २०१७ मध्ये एका अमेरिकी पत्रकाराने थ्वेट्सला प्रलयसूचक विशेषण बहाल केले आणि ते जगभर रूढ झाले. तेथे काम करणाऱ्या अनेक संशोधकांना ते रुचत नाही. कारण प्रलय अटळ म्हटल्यावर उत्सर्जन कमी करण्याला अर्थ उरत नाही. शिवाय ज्ञान बदलत असते. उंच हिमकडे स्वतःच्या भाराने एकामागून एक कोसळतील, या गृहीतकावर २०१६ मध्ये अंटार्क्टिकाचा वाटा २१०० पर्यंत एक मीटरहून अधिक होऊ शकेल असे मांडले गेले. २०२४ मधील एका अभ्यासाने मात्र या विशिष्ट यंत्रणेमुळे थ्वेट्स या शतकात कोसळण्याचा धोका कमी असल्याचे दाखविले. धोका संपला असा याचा अर्थ नाही. अन्य मार्गांनी होणारी माघार चालूच आहे.

७.२.५ निधीचा प्रश्न

आता या विवेचनाच्या गाभ्याकडे येऊ. १९७८ मध्ये जॉन मर्सर या संशोधकाने पश्चिम अंटार्क्टिकाचा हिमस्तर तापमानवाढीमुळे ढासळू शकतो आणि त्याची पहिली खूण अंटार्क्टिक द्वीपकल्पावरील हिमफलकांच्या विघटनात दिसेल, असा इशारा दिला. त्या काळी अनेकांना तो अतिरंजित वाटला. पुढे त्या द्वीपकल्पावरील लार्सन-अ हा हिमफलक १९९५ मध्ये आणि लार्सन-ब २००२ मध्ये कोसळला. २००७ मध्ये जेम्स हॅन्सन यांनी या प्रकरणाचा उल्लेख करून अशी शंका व्यक्त केली की, धोक्याचा इशारा देणाऱ्यांपेक्षा सावधपणे बोलणाऱ्यांना संशोधननिधी अधिक सहजपणे मिळतो आणि त्यामुळे वैज्ञानिक नकळत हात राखून लिहू लागतात. ही शंका आहे, सिद्ध झालेले विधान नाही. परंतु भाषा आणि निधी यांचा संबंध ती नेमका दाखविते.

निधीसाठी अर्ज करणाऱ्यापुढे पेच असतो. ‘आम्हांला नक्की माहीत आहे’ म्हटले तर संशोधन कशासाठी, असा प्रश्न येतो. ‘आम्हांला माहीत नाही’ म्हटले तर पैसा कशाच्या भरवशावर द्यावा, असा. शिवाय निधी बहुधा तीन ते पाच वर्षांसाठी मिळतो, तर हिमनदीचे वर्तन दशकांच्या मापाने बदलते. ‘ग्रेस’चे कार्य २०१७ मध्ये संपले आणि पुढील जोडी मे २०१८ मध्ये अवकाशात गेली, मधल्या काळातील नोंदी त्या साधनापुरत्या कायमच्या हुकल्या. २०२५ मध्ये अमेरिकी प्रशासनाने राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाचा निधी निम्म्याहून अधिक कमी करण्याचा आणि ‘नथॅनिएल बी. पामर’ या हिमभेदक संशोधननौकेचा भाडेकरार संपविण्याचा प्रस्ताव मांडला. याच नौकेने २०१९ मध्ये संशोधकांना थ्वेट्सच्या समुद्राकडील कडेपर्यंत नेले होते.

सातत्याचे मोल आपल्याकडील उदाहरणांतूनही कळते. मुंबईच्या अपोलो बंदर येथील भरती-ओहोटीच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. त्या सुरू करणाऱ्यांसमोर हवामानबदलाचा प्रश्न नव्हता. आज मात्र हिंदी महासागरातील वाढ समजून घेण्यासाठी त्यांचा आधार घेतला जातो. हिमाचल प्रदेशातील छोटा शिगरी हिमनदीचा ताळेबंद २००२ पासून प्रत्यक्ष जागेवर मोजला जात आहे. गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राने २०१६ मध्ये स्पिती भागात ‘हिमांश’ हे उंचावरील केंद्र सुरू केले. अशा कामात दरवर्षी नवा शोध लागत नाही; दरवर्षी एक नोंद वाढते. गतवर्षीची न झालेली नोंद पुढील वर्षी अधिक पैसा देऊनही विकत घेता येत नाही.

७.३ सारांश

थ्वेट्स हिमनदीची माघार सुरू आहे, हे निरीक्षणाने सिद्ध आहे. ती किती वेगाने होईल, हे अनिश्चित आहे. अनिश्चितता म्हणजे अज्ञान नव्हे. ती ज्ञानाची मोजलेली सीमा आहे. ही सीमा नेमकी कळावी यासाठी दीर्घकालीन मोजणी लागते, मोजणीसाठी सातत्याने निधी लागतो आणि निधी देणाऱ्या समाजाला प्रश्न समजावा यासाठी नेमकी भाषा लागते. विज्ञानलेखकाचे काम या तिसऱ्या दुव्यावर आहे. आकड्यासोबत त्याची अटही वाचकापर्यंत पोहोचविणे, ही त्याची पहिली जबाबदारी होय.

७.४ स्वाध्याय

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. तरंगता हिमफलक वितळल्याने समुद्रपातळी प्रत्यक्ष का वाढत नाही?
२. सहाव्या अहवालात ‘दाट शक्यता’ या शब्दप्रयोगाचा संख्यात्मक अर्थ कोणता?

आ) सविस्तर उत्तरे लिहा.
१. ‘आकडा प्रवास करतो आणि अट मागे राहते.’ २००७ च्या अहवालाच्या आधारे स्पष्ट करा.
२. दीर्घकालीन नोंदी आणि अल्पकालीन निधी यांतील विसंगती सोदाहरण विशद करा.

इ) उपक्रम
आपल्या परिसरात येणाऱ्या वृत्तपत्रांतून हवामानविषयक पाच बातम्यांची शीर्षके जमवा. प्रत्येक शीर्षकातील क्रियारूप निश्चितार्थी आहे की संभाव्यतादर्शक, हे नोंदवा. मूळ बातमीत असलेली अट शीर्षकात हरवली असल्यास ते शीर्षक पुन्हा लिहा.