पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी

मुंबई आकाशवाणीच्या 'पुन्हा प्रपंच' या श्रुतिकामालेत मुख्य माणसं तीन. प्रभाकरपंत, त्यांची बायको मीनावहिनी आणि वेळीअवेळी घरात टपकणारे टेकाडे भावजी. पंतांचा आवाज प्रभाकर जोशींचा, वहिनींचा नीलम प्रभूंचा, भावजींचा बाळ कुडतरकरांचा. लिहिणाऱ्यांत विनोदी लेखक वि. आ. बुवा होते. या तिघांना महाराष्ट्रानं डोळ्यांनी न पाहता घरचं मानलं.

नवरा-बायकोच्या भांडणावर रेडिओ जगभर हसला आहे. अमेरिकेत १९४६ साली एनबीसीवर 'द बिकरसन्स' सुरू झालं. लेखक फिलिप रॅप. आवाज डॉन अमिची आणि फ्रान्सिस लँगफर्ड यांचे. रात्रीची वेळ, जॉन घोरतोय आणि ब्लांच त्याला उठवून जाब विचारतेय. मध्ये पडायला कुणी नाही, त्यामुळे शब्दाला शब्द लागतो आणि धार वाढतच जाते.

मराठी प्रपंचात भावजी मध्ये येतात. या मालेचं खरं मर्म तिथंच आहे. भावजींसमोर बायको नवऱ्याची तक्रार मोकळेपणानं करू शकते, नवऱ्यालाही साक्षीदार मिळतो. आणि परक्यासारखा तुटेपर्यंत वाद घालता येत नाही, कारण चहा तर टाकावाच लागतो.

ही माला घरोघरी ऐकली जात होती, त्या काळात पुण्याजवळचं चिंचवड पालटत होतं. मोरया गोसावींच्या समाधीचं हे गाव. शेजारी पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, मागोमाग इतर आले. गावाकडची जोडपी इथं खोली-दोन खोल्यांत संसार मांडू लागली. सासू-सासरे गावी, नवरा पाळीवर. रेडिओसाठी पोस्टात परवान्याचे पैसे भरावे लागत, तरी तो हवा असे. वडीलधारं माणूस जवळ नसलेल्या अशा घरांना भावजींची हाक किती आपली वाटली असेल!

रेडिओवर गप्प बसलेलं पात्र नाहीसंच होतं. म्हणून कोण आलं, कोण रुसलं, कोण उठून गेलं, हे सगळं बोलण्यातून किंवा आवाजातून कळावं लागतं. दार वाजतं, कपबशी किणकिणते, 'वहिनी' अशी हाक येते आणि अख्खं घर उभं राहतं. दोन पुरुषांचे आवाज क्षणात वेगळे ओळखू यावे लागतात. रागातली माया तर निव्वळ स्वरातून पोचवायची. हे काम नटाला रंगमंचापेक्षा सोपं मुळीच नाही.

नीलम प्रभू पुढे संगीतकार यशवंत देवांच्या पत्नी झाल्या आणि करुणा देव या नावानं ओळखल्या गेल्या. कुडतरकर जुलै २०२० मध्ये, वयाच्या ९८ व्या वर्षी गेले. माला प्रसारित होई त्या काळी ध्वनिमुद्रणाची टेप महाग. पुष्कळदा जुनं पुसून त्यावर नवं मुद्रित होई. 'पुन्हा प्रपंच'चं जे काही कुठं शिल्लक असेल, ते आजच्या श्रोत्यांना ऐकायला मिळायला हवं. छापील संहितेत वहिनींचा फणकारा कसा सापडणार?