खजूर, बैल आणि मोसमी वारा

शहागंजात सध्या दुपार कलली की हातगाड्यांवर खजुरांचे ढीग लागतात. रोजा सोडताना आधी खजूर, मग पाणी, हा रिवाज. ज्यांचा रोजा नसतो असे शेजारीही याच दिवसांत किलोभर खजूर घरी नेतात. परवा वर्गात एका मुलाने विचारले, "सर, आपल्याकडे ना समुद्र, ना वाळवंट. मग पूर्वी खजूर इकडे यायचा कसा?"

प्रश्नाचे उत्तर दोन हजार वर्षे मागे नेते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातली ‘पेरिप्लस’ ही ग्रीक पुस्तिका व्यापाऱ्यांसाठी लिहिलेली आहे. इराणच्या आखाताकडून भडोच बंदरात येणाऱ्या मालाची यादी तिच्यात आहे: मोती, जांभळा रंग, कापड, मद्य, सोने आणि भरपूर खजूर. म्हणजे इस्लामच्या उदयाआधी पाचशेहून अधिक वर्षे हे फळ आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागलेले होते.

त्याच पुस्तिकेत आपले पैठणही आहे. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर. पैठणहून गोमेद-अकीक जातीचे दगड निघत, तेरहून साधे कापड आणि मलमल. धड रस्ता नसलेल्या मुलखातून हा माल गाड्यांवर भडोचला जाई. समुद्र आपल्यापासून दूर होता खरा, पण बैलांनी तो जवळ आणला होता.

जिथे गाडीही हरते, तिथे पाठीवर ओझे घेणारी जनावरे. जुन्नरजवळचा नाणेघाट ही अशीच कोकणात उतरणारी वाट. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे. यज्ञात दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि नाणी त्यात आकड्यांनिशी नोंदली आहेत. जनावर हीच संपत्ती होती. घाटमाथ्यावरच्या दगडी रांजणाला लोक जकातीचा रांजण म्हणतात. गंमत पाहा, नाक्यावर भरायची ती जकात आणि रमजानमध्ये आम्ही गरिबांसाठी काढतो ती जकात, दोन्हींचा अरबी शब्द एकच.

बैल रोज चालू शकतो, जहाजाला मात्र वाऱ्याची वाट पाहावी लागते. इजिप्तहून जहाजे जुलैच्या सुमारास निघत, नैर्ऋत्येचा वारा त्यांना आपल्या किनाऱ्याला आणी आणि हिवाळ्यात ईशान्येचा वारा परत नेई. अरबीत ‘मौसम’ म्हणजे ठरलेला हंगाम. आपले मोसमी वारे त्याच शब्दातून आले. भडोचची खाडी भरती-ओहोटीमुळे अवघड, म्हणून राजाच्या चाकरीतले स्थानिक कोळी होड्या घेऊन समोर जात आणि परक्यांची जहाजे ओढून आत आणत.

तांबड्या समुद्रावर उतरलेला माल पुढे उंटांवर चढे. बेरेनिके बंदरापासून नाईलकाठच्या कोप्टोसपर्यंत वाळवंटातला बारा दिवसांचा प्रवास, मग नदीतून नावेने अलेक्झांड्रिया. बैल, जहाज, उंट, नाव: या साखळीतली एक कडी तुटली तरी माल अडायचा. त्या काळी कल्याण बंदरावर निर्बंध आले, तेव्हा तिथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. तरीही साखळी टिकली. तेरला सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी मिळतीजुळती मूर्ती इटलीतल्या पाँपेईत मिळाली. ते शहर इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीखाली गाडले गेले होते.

वर दिलेल्या यादीतला एक शब्द मात्र मी मुद्दाम मागे ठेवला होता. खजूर आणि सोन्याबरोबर त्याच ओळीत ‘गुलाम’ही आहेत. माणूसही माल होता. प्राचीन व्यापाराचे कौतुक करताना ही ओळ वगळून पुढे जाता येत नाही.

पोळ्याला आपण बैलाचे खांदे मळतो, त्याला पुरणपोळी भरवतो. त्याच्या कष्टांची आठवण ठेवणारा एक दिवस तरी आहे. त्या जहाजांतल्या खलाशांचा, उंटवाल्यांचा, विकल्या गेलेल्या माणसांचा असा दिवस नाही.

मी त्या मुलाला एवढेच सांगितले की, खजूर कुणाच्या तरी पाठीवरून येतो. तेव्हाही, आताही. मोंढ्यात उन्हाच्या कारात ट्रकमधून पेट्या उतरवणाऱ्यांत रोजा धरलेले असतात, न धरलेलेही. ‘हमाल’ हा शब्दही अरबीच, अर्थ ओझे वाहणारा. आज संध्याकाळी खजुराचे ताट शेजारी पाठवाल, तेव्हा एक ताट त्यांच्याकडेही जाऊ द्या.