तीनशे पंधरा की थर्टी-झिरो-सिक्स

तीनशे पंधरा बोरच्या काडतुसाचं बूड उजेडात धरलं की त्यावर ‘केएफ’ अशी खूण दिसते. ती खडकीच्या दारूगोळा कारखान्याची. रायफल बंगालातल्या ईशापूरची, गोळी पुण्याची, आणि दोन्हींचा खल चालला होता जबलपूरच्या एका बंदुकीच्या दुकानात. या शहराला शस्त्रांचं अप्रूप नाही. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ पासून इथे आहे, खमरियात दारूगोळा बनतो, आणि आमच्या मराठी घरांतही कोणी ना कोणी फॅक्टरीतून निवृत्त झालेलं असतंच. पण तोफेचे गाडे बनवणाऱ्या गावातही आपल्या खिशाला परवडेल अशी रायफल निवडताना माणूस गोंधळतो.

माझा आतेभाऊ पाटणकडे मटार करतो. शेंगा भरल्या की रानडुकरं येतात आणि एका रात्रीत वाफेच्या वाफे उलथून जातात. रायफलीचा परवाना वडिलांच्या पश्चात त्याच्या नावावर झालेला. घरची जुनी रायफल निकामी झाली, म्हणून दुसरी घ्यायची. त्याच्या डोक्यात एकच शब्द होता, स्पीड. “दादा, गोळी वेगवान असली की नेम चुकत नाही,” असं तो मला वाटभर सांगत होता.

इथे कायद्याचं आधी सांगायला हवं. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर हौसेची शिकार हळूहळू संपली, आणि ती संपली हे मला मनापासून योग्य वाटतं. पीक उद्ध्वस्त करणाऱ्या काही प्राण्यांबाबत त्याच कायद्याच्या कलम ११ खाली अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतात. तो कागद हातात येईपर्यंत रायफल फक्त रेंजवरच्या कागदी चकतीसाठी. १९५९च्या शस्त्र कायद्यात तर पीक राखण्यासाठी म्हणून नाव आहे ते ठासणीच्या बंदुकीचं. तेव्हा ज्याच्याकडे रायफल आहे त्याने तिची निवड आणखी जबाबदारीने करायची.

दुकानदाराने दोन रायफली पुढे ठेवल्या. तीनशे पंधरा जुनी, स्वस्त. थर्टी-झिरो-सिक्स महाग. तीनशे पंधराचा सांगाडा ली-एनफील्डचा; गोळी मात्र ऑस्ट्रियाच्या मानलिखर काडतुसावरून घेतलेली आठ मिलिमीटरची. लष्कराचं थ्री-नॉट-थ्री काडतूस सामान्य माणसाच्या हाती पडू नये या इंग्रजी राजवटीच्या धोरणातून असले वेगळे बोर इथे रुजले, आणि थ्री-नॉट-थ्री आजही सामान्य परवान्यावर मिळत नाही.

आता वेगाचा हिशोब. तीनशे पंधराची गोळी सुमारे १६ ग्रॅमची, सेकंदाला ६०० मीटरच्या पुढेमागे निघते. थर्टी-झिरो-सिक्सची नेहमीची १८० ग्रेनची गोळी पावणेबारा ग्रॅमची, ८०० मीटरच्या वर. १०० मीटर जायला वेगवान गोळीला साधारण ०.१३ सेकंद लागतात. तेवढ्यात ती नळीच्या रेषेखाली ८ सेंटिमीटर उतरते. जड गोळीला ०.१७ सेकंद, उतार १४ सेंटिमीटर. फरक ६ सेंटिमीटरचा, आणि रायफल १०० मीटरला लावून घेतली की तोही मिटतो. २०० मीटरवर मात्र दोघींतलं अंतर बरंच वाढतं. म्हणजे वेगाचे पैसे द्यायचे ते लांबच्या नेमासाठी. मटाराच्या शेतात, तिन्हीसांजेला, डुक्कर ओळखू येतं तेच मुळी १०० मीटरच्या आत.

दुकानातल्या म्हाताऱ्या कारागिराने आमचा हिशोब ऐकून घेतला आणि विचारलं ते एवढंच, की सरावाला गोळ्या कुठून आणणार? थर्टी-झिरो-सिक्सची काडतुसं कधी असतात, कधी नसतात. खडकीची सहसा मिळतात. परवान्यावर काडतुसांची मर्यादा असतेच. त्यात किंमतही आडवी आली तर माणूस सराव सोडतो, आणि सराव सोडलेल्याच्या हातून जनावर जखमी होऊन झुडपात शिरतं. त्या जनावराचे हाल, आणि मागोमाग जाणाऱ्याच्या जिवावरचा प्रसंग. मला स्वतःला यापुढे वेगाबद्दल बोलण्यासारखं काही उरलं नाही.

कारागिराने तीनशे पंधराचा बोल्ट काढला, मागे पांढरा कागद धरला आणि तोंडाकडून नळीत पाहिलं. गंजाचे खड्डे नाहीत, आटे स्वच्छ. नळीच्या तोंडाची कड बोटाने चाचपली. तिथे टवका उडाला असेल तर गोळी भलतीकडे जाते. बोल्टवरचा आणि सांगाड्यावरचा नंबर जुळवला. ली-एनफील्डचा दस्ता आतल्या लांब बोल्टने आवळलेला असतो, तो हलवून पाहिला. किंचित सैल होता. तिथेच आवळून दिला.

दुर्बिणीवर जास्त वेळ गेला. भावाला ६-२४×५० हवी होती, दिसायला भारदस्त. पण समोरच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागलं की डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी मिळते. २४ पटीला ती जेमतेम २ मिलिमीटर. अंधारात डोळ्याची बाहुली पाच-सात मिलिमीटर उघडते, म्हणजे चित्र काळवंडलेलं दिसणार. साधी ४×३२ दुर्बीण ८ मिलिमीटर देते, शिवाय फिरणारे भाग कमी. तीच घेतली. वाचलेले पैसे पक्क्या माउंटवर घालायला लावले. हा दस्ता नळीवरच्या उघड्या माशीने नेम धरण्यासाठी घडवलेला, म्हणून दुर्बीण वर बसली की गाल टेकत नाही; त्यावर कातड्याची उंच पट्टी बांधावी लागली.

रेंजवर वाळूच्या पिशव्यांवर रायफल ठेवून, बोल्ट काढून, नळीतून २५ मीटरवरची चकती मधोमध आणली आणि दुर्बिणीची फुली तिच्याशी जुळवली. मग १०० मीटरवर तीन गोळ्या. तिन्ही तळहाताएवढ्या जागेत, पण सात सेंटिमीटर उजवीकडे. दुर्बिणीच्या खुंटीच्या एका टिकला नेम सात मिलिमीटर सरकतो, म्हणून दहा टिक डावीकडे. पुढच्या तीन मध्यावर.

बसून, पिशव्यांशिवाय मारल्यावर तोच घोळका दुपटीने पसरला. तो पाहून भावाने स्वतःच ८० मीटरची मर्यादा घातली. मचाण मात्र उंच बांधायला सांगितली, गोळी खालच्या मातीत जाईल अशी. संथ म्हटलेली गोळीही चुकली तर सपाट शेतावरून दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते, आणि पाटणकडे तेवढ्या अंतरात वस्ती असतेच.